श्रीविजय बुडाले नसते तर

सुमात्रातील श्रीविजय साम्राज्याच्या ऱ्हासाचा मागोवा घेणारे बहुतेक जण १०२५ या सालापाशी थबकतात. त्या वर्षी राजेंद्र चोळाच्या आरमाराने सुमात्रा आणि मलायाच्या किनाऱ्यावरची बंदरे लुटली, राजा संग्रामविजयोत्तुंगवर्मनाला कैद केले आणि नगरवेशीचे विद्याधरतोरण नेले. तंजावरच्या शिलालेखात ही बढाई सविस्तर कोरलेली आहे. मग कल्पनेला वाट सापडते: चोळांची गलबते वादळात सापडली असती, तर हे बौद्ध सागरी साम्राज्य टिकले असते! हा तर्क मला उथळ वाटतो. घावानंतर तीनच वर्षांनी श्रीविजयाचा वकील चिनी दरबारात हजर होता, आणि १०७९ च्या कँटनमधील लेखात तिथल्या ताओ मंदिराच्या जीर्णोद्धाराला या राज्याने दिलेल्या देणगीची नोंद आहे. मोडलेले राज्य परदेशी देवळांना पैसा पुरवत नाही.

खरे दुखणे उत्पन्नाच्या स्वरूपातच होते. जावासारखी भातखाचरांची श्रीमंती श्रीविजयाच्या राजधानीकडे, पालेंबांगकडे नव्हती. भारतातून आलेल्या जहाजांना चीनकडे जाण्यासाठी पुढच्या मोसमी वाऱ्याची वाट पाहावी लागे, आणि त्या मुक्कामावरच हे राज्य पोसले गेले. ६७१ मध्ये आलेला चिनी भिक्षू इत्सिंग इथे सहा महिने संस्कृत व्याकरण शिकत राहिला. हजारावर भिक्षू असल्याचे तो सांगतो. नालंदा आणि नागपट्टणम येथे या राजांनी विहार उभारले, त्यात श्रद्धा होतीच, पण व्यापारी मैत्रीचा हिशेबही असणार. अकराव्या शतकापासून मात्र चिनी व्यापारी स्वतःची जहाजे घेऊन थेट दक्षिणेकडे येऊ लागले आणि मध्यस्थाची गरज घटली. त्यावर श्रीविजयाचे उत्तर काय? बंदरात न थांबता पुढे जाणाऱ्या जहाजावर हल्ला होतो, असे १२२५ मध्ये चिनी अधिकारी चाओ जुकुआ लिहितो. इतिहास बदलायचाच, तर तो इथे बदलायला हवा: दंडेली सोडून ठरावीक जकात आणि सुरक्षित गोदी.

त्या काळी हे कुणाला सुचले असते का, असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर मलाक्का देते. परंपरेनुसार पालेंबांगच्याच परमेश्वर नावाच्या राजपुत्राने १४०० च्या सुमारास वसवलेल्या या बंदरात वेगवेगळ्या प्रदेशांच्या व्यापाऱ्यांसाठी वेगळे शाहबंदर, म्हणजे बंदर-अधिकारी, होते, आणि शतकभरातच ते आशियातल्या मोठ्या बाजारपेठांत गणले गेले. मिंग दरबाराचा वरदहस्त त्याच्यावर होता हे खरे. पण चिनी दरबाराची मान्यता श्रीविजयालाही शतकानुशतके मिळाली होती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: टिकले असते, तरी बौद्ध राहिले असते का? १२०० च्या सुमारास नालंदा उद्ध्वस्त झाल्यावर बंगाल-बिहारचा आधार सुटला, आणि पश्चिमेकडच्या व्यापारात मुसलमान व्यापाऱ्यांचे वजन वाढत गेले. गिऱ्हाइकांवर जगणाऱ्या दरबाराने हे वारे फार काळ नाकारले नसते; मलाक्काच्या राजांनीही इस्लाम स्वीकारलाच. साम्राज्य वाचवता आले असते, पण १५११ मध्ये मलाक्का जिंकणाऱ्या पोर्तुगीजांसमोर उभा राहिलेला श्रीविजयाचा राजा बहुधा सुलतानच असता.