विश्लेषण : ‘क्यू’ छोटा की मोठा? काल्पनिक भाषांना अक्षरे कशी मिळतात?

क्लिंगॉन भाषेत ‘कुल’ हा शब्द रोमन लिपीतील छोट्या क्यूने लिहिला तर अर्थ होतो ‘आग’. मोठ्या क्यूने लिहिला तर ‘संशोधन करणे’. ‘स्टार ट्रेक’ चित्रपटांसाठी घडवलेल्या या भाषेत लहान-मोठी अक्षरे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. असा विचित्र वाटणारा निर्णय का घेतला गेला?

वाचणार कोण?

भाषाशास्त्रज्ञ मार्क ओक्रँड यांनी १९८४ च्या ‘स्टार ट्रेक थ्री’साठी ही भाषा रचली. एरवी एका भाषेत सहसा एकत्र न सापडणारे ध्वनी त्यांनी मुद्दाम एकत्र आणले. पण संवाद म्हणणार होते इंग्रजी बोलणारे नट. त्यांच्या हाती ध्वनिशास्त्राची चिन्हे देऊन काय उपयोग? म्हणून ओळखीचीच अक्षरे ठेवली आणि जिथे उच्चार इंग्रजीसारखा नाही, तिथे काही ठिकाणी मोठे अक्षर वापरले. मोठे अक्षर म्हणजे ‘सावध!’ अशी पाटीच.

मोठ्या डीचा उच्चार साधारण आपल्या ‘ड’सारखा, मोठ्या एसचा मूर्धन्य ‘ष’सारखा. छोटा क्यू म्हणजे उर्दूतील ‘क़’, तर मोठा क्यू त्याहून घशातून घासत येणारा. गंमत अशी, की इंग्रजी वाचकाला कसरत करायला लावणारे यातले बरेच ध्वनी देवनागरीत फार तर एका नुक्त्याने भागले असते.

अडचण कुठे आली?

नटांची सोय झाली, पण पुढे चाहते ही भाषा लिहू लागले. वाक्याचे पहिले अक्षर मोठे करण्याची सवय इथे चुकीची ठरते. मोठा आय आणि छोटा एल अनेक टंकांत सारखेच दिसतात. क्लिंगॉनची स्वतःची लिपीही आहे. मात्र ती युनिकोडमध्ये घेण्याचा प्रस्ताव २००१ मध्ये फेटाळला गेला. त्या लिपीतील प्रत्यक्ष वापराचा पुरावा अपुरा, हे त्याचे एक कारण. तात्पुरती वाटणारी रोमन सोयच कायमची झाली होती.

दुसरे मार्ग कोणते?

‘अवतार’ (२००९) चित्रपटाच्या नावी भाषेत पॉल फ्रॉमर यांना झटका देऊन सोडलेले प, त, क लिहायचे होते. ध्वनिशास्त्रात त्यासाठी अक्षरापुढे स्वल्पविरामासारखे चिन्ह देतात. नावीत मात्र कंठ क्षणभर रोखण्याच्या ध्वनीसाठी तसे चिन्ह आधीच लागत होते. मग त्यांनी पी, टी, के यांच्या पुढे एक्स जोडला. नावीत एक्सला दुसरे काम नसल्याने गोंधळ उरला नाही. हा उपाय क्लिंगॉनपेक्षा सरस म्हणायला हवा.

एस्परांतोचे निर्माते झामेनहोफ यांनी १८८७ मध्ये ‘एका ध्वनीला एक अक्षर’ हा नियम धरून सहा अक्षरांच्या डोक्यावर खुणा दिल्या. नियम छान, पण ती अक्षरे सगळ्या छापखान्यांत कुठून असणार? खुणेऐवजी पुढे एच लिहिण्याची मुभा झामेनहोफ यांनीच दिली. पण एच हे एस्परांतोचे स्वतंत्र अक्षरही आहे. विमानतळासाठीच्या ‘फ्लुगहावेनो’ या शब्दात जी आणि एच दोन शब्दांच्या सांध्यावर शेजारी येतात. तिथे ते ‘ज’ वाचायचे की ‘ग’ आणि ‘ह’ वेगवेगळे, हे शब्द माहीत असल्याशिवाय कळत नाही. नंतर अनेकांनी एचऐवजी एक्स वापरला. एस्परांतोच्या वर्णमालेत एक्स नाहीच.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले ‘च’ वेगळे आहेत, तरी अक्षर एकच. आपण ते शब्द ओळखून वाचतो. काल्पनिक भाषेच्या वाचकाला शब्द आधी ठाऊक नसतो, त्याला अक्षरावरच विसंबावे लागते.