शिताके आणि सात्या

पैनगंगेच्या दक्षिण तीरावर, आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर टोकाला भीमपूर वसले आहे. नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. राज्य तेलंगणाचे असले तरी ह्या टापूत तेलुगूच्या जोडीला मराठी, गोंडी व कोलामी ह्या बोली सर्रास कानी पडतात. पावसाळा भरात आला, आकाश गडगडले, की येथील रानांत वारुळांच्या कुशीतून पांढरी छत्रे वर येतात. विदर्भात त्यांना कोणी सात्या म्हणतात, कोणी टेकोडे. तेलुगूतील नाव पुट्टगोडुगु, म्हणजे वारुळाची छत्री. ही जात बियाण्याने पेरता येत नाही. वाळवी आपल्या वारुळात एका बुरशीची बागच राखते, आणि पावसाच्या दिवसांत त्या बागेला जे फळ धरते ते म्हणजे सात्या. माणसाला तिची व्यापारी शेती अद्याप साधलेली नाही. वाळवी मात्र लक्षावधी वर्षे ती करीत आली आहे.

अशा ठिकाणी शिताके ह्या दूरदेशीच्या अळंबीची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. कारण असे की, अलीकडे शहरांतील दुकानांत व जाहिरातींत ह्या नावाचा बोलबाला झाला आहे. वाळलेल्या शिताकेची पाकिटे, तिचे चूर्ण, तिच्या गोळ्या मोठ्या किमतीला विकल्या जातात आणि रक्तदाबापासून कर्करोगापर्यंत सर्व रोगांवर तिचा हवाला दिला जातो. ज्या घरात डाळीचा हिशेब मुठीने करावा लागतो, त्या घरातील रुग्णापुढेही हे पाकीट येऊन पडते. तेव्हा त्यात सत्य किती आणि शब्दांचा फुलोरा किती, हे तपासून पाहणे इष्ट आहे.

शिताके हा शब्द जपानी. ‘शी’ हा तेथील एक वृक्ष आणि ‘ताके’ म्हणजे अळंबी. त्या वृक्षाच्या पडलेल्या ओंडक्यावर उगवणारी म्हणून हे नाव पडले. चीनमधील डोंगराळ भागात तिची लागवड कित्येक शतकांपूर्वी सुरू झाली. तिकडे तिला सुगंधी अळंबी अशा अर्थाचे नाव आहे, आणि ते सार्थ आहे. वाळल्यावर तिला जो खमंग, मांसरसासारखा स्वाद येतो, त्याचे मूळ असलेले द्रव्य जपानी संशोधक अकिरा कुनिनाका ह्यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीस ओळखले. शिताकेच्या लौकिकाचा मोठा भाग औषधापेक्षा ह्या स्वादानेच मिळविलेला आहे, असे म्हटले तर ते चूक ठरू नये.

आता अन्नमूल्याकडे वळू. कोणतीही ताजी अळंबी घ्या, तिच्या शंभर ग्रॅमांत सुमारे नव्वद ग्रॅम पाणीच असते. उरलेल्या भागात दोन-तीन ग्रॅम प्रथिने, नाममात्र स्निग्धांश आणि थोडा तंतुमय भाग. ब वर्गातील काही जीवनसत्त्वे, पोटॅशियम, तांबे व सेलेनियम हेही तिच्यात असतात. एका अंड्यात सहा ग्रॅमांच्या आसपास प्रथिने असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘अळंबी म्हणजे शाकाहाऱ्यांचे मांस’ ह्या घोषणेचा फोलपणा कळतो. जाहिरातदार येथे एक युक्ती करतात. ते वाळलेल्या अळंबीच्या शंभर ग्रॅमांचे आकडे छापतात. पाणी उडून गेले की प्रत्येक आकडा आठ-दहा पटींनी फुगतो. परंतु वाळलेली शिताके एका जेवणात पाच-दहा ग्रॅमांहून अधिक खाल्ली जात नाही. तशी ती खाववतही नाही!

तरीही अळंबी ताटात असावी, आणि त्याला भक्कम कारणे आहेत. तिच्या पेशींच्या भिंतींत बीटा-ग्लुकान नावाचा तंतुमय पदार्थ असतो. तो आतड्यांत सहज पचत नाही, पण शरीराच्या संरक्षक पेशींना जागे ठेवण्यास त्याची मदत होत असावी, असे प्रयोगांवरून दिसते. अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाने 2015 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. 52 निरोगी तरुण स्त्रीपुरुषांना चार आठवडे रोज पाच किंवा दहा ग्रॅम वाळलेली शिताके शिजवून खाण्यास दिली. त्यांच्या रक्तातील काही संरक्षक पेशींचे कार्य सुधारलेले आढळले. प्रयोग लहान होता आणि माणसे मुळात निरोगी होती. त्यावरून रोग बरा होतो असा निष्कर्ष निघत नाही.

जपानमध्ये 36,499 पुरुषांच्या आहाराची नोंद ठेवून त्यांच्या प्रकृतीवर सुमारे तेरा वर्षे लक्ष ठेवण्यात आले. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या ह्या पाहणीत, आठवड्यातून तीनदा किंवा अधिक वेळा अळंबी खाणाऱ्यांत पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाचे प्रमाण, क्वचित खाणाऱ्यांच्या मानाने 17 टक्क्यांनी कमी दिसले. ही मंडळी इतर बाबतींतही पथ्याने राहणारी असू शकतील, म्हणून सारे श्रेय अळंबीला देता येत नाही. पण एक गोष्ट लक्षणीय आहे. त्या पाहणीत शिताके वेगळी काढलेली नव्हती. कोणत्याही जातीची अळंबी धरलेली होती.

कर्करोगावरील गुणाची जी कथा सांगितली जाते, तिचे मूळ लेंटिनान ह्या द्रव्यात आहे. टोकियो येथे गोरो चिहारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शिताकेपासून 1969 साली वेगळे काढले. पुढे 1980 च्या दशकात जठराच्या कर्करोगावर, इतर औषधांच्या जोडीने, ते सुईवाटे देण्यास जपानात मान्यता मिळाली. शुद्ध करून शिरेत टोचलेले द्रव्य आणि भाजीच्या वाटीतील अळंबी ह्यांत अंतर आहे. तीच गोष्ट कोलेस्टेरॉलची. शिताकेतील एका घटकाने उंदरांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल उतरते. माणसांच्या बाबतीत पुरावा तोकडा आहे. रक्तक्षयावरही अळंबीची मातब्बरी नाही. ह्या पट्ट्यातील आदिवासी समाजांत सिकलसेलचा विकार आढळतो. त्याला रक्ततपासणी आणि डॉक्टरी उपचार हवेत. तो पैसा चूर्णाच्या डबीवर खर्च होऊ नये.

अळंबीचा एक गुण मात्र असा आहे की, तो भाजीपाल्यात सापडत नाही, आणि त्याला खर्चही पडत नाही. माणसाच्या कातडीप्रमाणे अळंबीतही एक द्रव्य असते, ज्यावर ऊन पडले की त्याचे ड जीवनसत्त्व बनते. खोलीच्या अंधारात वाढलेल्या अळंबीत ते जवळजवळ नसते. पण तोडून आणलेली अळंबी चिरून, तिच्या पाकळ्यांची बाजू वर करून, दुपारच्या उन्हात अर्धा-एक तास ठेवली, तर शंभर ग्रॅमांत साधारणपणे दहा मायक्रोग्रॅमांहून अधिक ड जीवनसत्त्व तयार होते. प्रौढ माणसाची रोजची गरज आपल्याकडे पंधरा मायक्रोग्रॅम धरलेली आहे. शिजवल्यानेही त्याचा बराचसा भाग टिकतो. हा गुण शिताकेत आहे, तसाच तो बटन अळंबीत आणि धिंगरीतही आहे. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या कोष्टकांत अळंब्यांचा गट भाज्यांपासून वेगळा मांडला आहे, तो उचितच होय. अळंबी ही वनस्पती नव्हे. (मनुस्मृतीने छत्राक द्विजांना वर्ज्य ठरविले, ते अर्थात निराळ्या कारणांनी. सुशिक्षित मराठी घरांत अळंबीविषयी जी नाखुशी दिसे, तिची एक मुळी तेथवर जात असावी.)

रानातील अळंबीविषयी मात्र कठोर सावधगिरी हवी. अनुभवी डोळ्याला सात्या ओळखता येते. नवख्याने तिच्या नादी लागू नये. विषारी छत्री चांदीच्या नाण्याने काळी पडते, लसणीबरोबर उकळली की कळते, किडा लागलेली असेल तर खाण्याजोगी असते, असे जे समज आहेत ते सर्व खोटे आहेत. सर्वांत घातक जातींचे विष शिजवूनही नाहीसे होत नाही. त्याचा परिणाम सहा ते बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतो. वांत्या व जुलाब होतात, मग दिवसभर रोगी सुधारल्यासारखा वाटतो, आणि त्याच काळात आत यकृत निकामी होत असते. म्हणून उतार पडल्यासारखा दिसला तरी रोग्याला रुग्णालयात न्यावे, आणि उरलेली अळंबी सोबत न्यावी.

ज्यांना खात्रीची अळंबी हवी त्यांच्यासाठी धिंगरी हा सरळ मार्ग आहे. शिताकेला थंड हवा व कठीण लाकडाचा भुसा लागतो. भीमपूरकडे हिवाळ्यात पारा एक आकड्यावर उतरतो खरा, पण उन्हाळ्यात तो चाळिशी ओलांडतो. धिंगरी वीस ते तीस अंशांत, म्हणजे पावसाळ्याच्या अखेरीपासून फाल्गुनापर्यंत, साध्या खोलीत येते. सोयाबीनचे कुटार किंवा गव्हांडा बारीक करून रात्रभर भिजवावा, गरम पाण्यातून काढून निथळावा, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत थरांमध्ये बीज पसरून तोंड बांधावे. पिशवीला छिद्रे ठेवावीत. पंधरा-वीस दिवसांत कुटार पांढरे होते. मग पिशवी काढून पाणी शिंपडले की आठवड्याभरात तोडणी येते. एक किलो कोरड्या कुटारापासून, निगा चांगली असेल तर, अर्धा ते एक किलो ताजी धिंगरी मिळते. पऱ्हाटीवरही ती वाढते. परंतु कपाशीवर विषारी औषधांची फवारणी किती होते हे शेजारच्या यवतमाळ जिल्ह्याने 2017 साली पाहिले आहे, तेव्हा घरच्या खाण्यासाठी फवारलेली पऱ्हाटी टाळलेली बरी. पीक तयार होताना उडणारी सूक्ष्म बीजे दम्याच्या माणसाला बाधतात. त्याने नाकातोंडावर फडके बांधावे किंवा त्या खोलीत जाऊच नये.

शिताके जरूर खावी, ज्याला परवडेल आणि आवडेल त्याने. ती कच्ची मात्र खाऊ नये. अर्धीकच्ची खाल्ल्यास काहींच्या अंगावर चाबकाचे वळ उठावेत तसे लाल, खाजरे पट्टे येतात. 1977 साली जपानमध्ये ह्याची पहिली नोंद झाली. ज्यांना वातरक्ताचा त्रास आहे त्यांनी वाळलेल्या शिताकेचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. धिंगरीचे बीज कोठे मिळेल, ह्याची चौकशी आदिलाबादच्या कृषी विज्ञान केंद्रात करता येते. बीज घेताना पिशवीवरची तारीख पाहावी, आणि हिरवट किंवा काळी बुरशी दिसली तर ते परत करावे.