लाल डोळा आणि आपल्याच पेशी

डोळा लाल झाला की आपण 'डोळे आलेत' म्हणून मोकळे होतो. मीही झालो होतो.

जयपूरला पोस्टिंग होतं, वय 38. उजवा डोळा लाल झाला. राजस्थानची धूळ, दुसरं काय, म्हणून दुकानातून थेंब आणून दहा दिवस घातले. चिपडं येत नव्हती, पण उजेड सोसवेना आणि डोळा आतून ठणकायचा. हा फरक मला तेव्हा कळला नाही. शेवटी डॉक्टरांनी स्लिट लॅम्पखाली पाहिलं. कवडशात धूळ तरंगते ना, तशा डोळ्यातल्या पाण्यात पांढऱ्या पेशी तरंगत होत्या. आजाराचं नाव युव्हायटिस.

या पेशी तिथे एरवी नसतात. रक्त आणि डोळा यांच्यात पक्की सरहद्द असते. बोटाला सूज आली तर ओसरते, पण डोळ्याच्या पडद्याच्या पेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, म्हणून हा बंदोबस्त. त्याची दुसरी बाजूही आहे. टी-पेशींचं प्रशिक्षण छातीतल्या थायमस ग्रंथीत होतं. आपल्याच शरीरावर उठणाऱ्या पेशी तिथेच गाळल्या जातात, पण सगळ्या नाही. डोळ्यातली काही प्रथिनं आडोशाला असल्यानं काही टी-पेशींना ती परकी वाटतात. कुठेतरी संसर्ग होऊन अशा पेशी चेतल्या, की त्या सरहद्द ओलांडतात, रासायनिक निरोप धाडतात आणि मागून न्यूट्रोफिल, मॅक्रोफेज यांची फौज येते. आम्ही याला फ्रेंडली फायर म्हणतो. 'गोळीबार थांबवा' सांगणाऱ्या नियामक टी-पेशीही असतात. त्या कमी पडल्या की आजार उलटतो.

जयपूर म्हणजे 61 कॅव्हलरीचं, घोड्यांचं गाव. आर.व्ही.सी.मधल्या एका मित्राने सांगितलं, घोड्यांनाही हे होतं. जुने लोक त्याला 'मून ब्लाइंडनेस' म्हणत, कारण चंद्राच्या कलांप्रमाणे ते जातं-येतं अशी समजूत होती. तिथे बऱ्याचदा सुरुवात लेप्टोस्पायरा जिवाणूपासून होते आणि पुढे घोड्याच्याच टी-पेशी त्याचा डोळा पोखरतात.

मला दर तासाला स्टिरॉइडचे थेंब आणि बाहुली मोठी करणारं अ‍ॅट्रोपिन दिलं, रंगीत पडदा मागच्या भिंगाला चिकटू नये म्हणून. दहा दिवसांच्या उशिरात तो एका जागी चिकटलाच होता. माझी उजवी बाहुली आजही पूर्ण गोल नाही.

मग डॉक्टरांनी विचारलं, "सकाळी कंबर आखडते का?" आखडायची. मी दोष पॅराशूटच्या उड्यांना देत होतो! रक्तात एचएलए-बी 27 निघालं; मणक्याचे सांधे आणि डोळा, दोन्हीकडे एकच भांडण.

वारंवार उलटणाऱ्या आजारात आता अ‍ॅडालिमुमॅबचं इंजेक्शन देतात. अमेरिकेत 2016 मध्ये त्याला डोळ्यासाठी मान्यता मिळाली. ते टीएनएफ नावाचा निरोप अडवतं. पण आधी टीबीची तपासणी करावीच लागते, कारण शरीरात झोपलेल्या टीबीच्या जिवाणूंना कोंडून ठेवणारा निरोपही तोच. शिवाय आपल्याकडे युव्हायटिस खुद्द टीबीमुळेही होतो, आणि मग उपचारच वेगळे.