बडोद्यात पाहिलेले दोन सिनेमे

बडोदे आणि सिनेमा यांचे नाते जुने आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये तिथे कलाभवन सुरू केले. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूलनंतर तिथेच चित्रकला आणि छायाचित्रण शिकले. पुढे १९१३ मध्ये त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला.

यंदा सुट्टीत धाकट्या बहिणीकडे बडोद्याला आठ दिवस राहिलो. तिचे सासर धारवाडकडचे. सासूबाई कन्नडच बोलतात, मराठी समजते. भाचा जन्मला तिथेच. त्याची भाषा गुजराती, मराठी आईपुरती. आजी-नातवाचे बोलणे ‘ऊट आयता?’ आणि ‘हो’ एवढ्यावर आले होते. बहिणीला त्याची फार बोच होती.

एका संध्याकाळी ‘छेल्लो शो’ लावला. पॅन नलिन यांचा हा गुजराती चित्रपट भारतात २०२२ मध्ये प्रदर्शित झाला. सौराष्ट्रातल्या रेल्वे स्टेशनवर चहा विकणाऱ्याचा मुलगा समय. तो आईने दिलेला डबा ‘गॅलेक्सी’ या छोट्या थिएटरच्या ऑपरेटरला, फजलला देतो आणि बदल्यात प्रोजेक्टरच्या खोलीतून सिनेमे पाहतो. पुढे डिजिटल यंत्र येते. जुना प्रोजेक्टर वितळवून चमचे होतात, रिळांच्या बांगड्या होतात. तो भाग पाहताना घरात कोणी बोलले नाही.

त्याआधी मात्र बोलणे खूप झाले. समयची आई चुलीपाशी बसली की अज्जी विचारायच्या, ‘एन हेळ्तान?’ भाचा गुजराती संवाद मोडक्यातोडक्या मराठीत सांगायचा, बहीण त्याचे कन्नड करायची. अर्ध्या तासाने बहीण स्वयंपाकघरात गेली, तरी आजी-नातवाचे चालूच राहिले. शब्द अडला की हातवारे!

दुसऱ्या दिवशी परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) पाहिला. फाळक्यांच्या सिनेमासाठी स्त्रीपात्रे मिळेनात, पुरुषच साडी नेसून उभे राहिले, तेव्हा अज्जी पदर तोंडाला लावून हसल्या. आता समजावून सांगायची पाळी त्यांची होती. जुन्या कंपनी नाटकांत पुरुष बायकांची कामे करत, हे त्यांनी नातवाला सांगितले. शब्द निम्मे कन्नड, निम्मे मराठी होते. तो ऐकत राहिला.

आपल्या सीमाभागातल्या टॉकीजमध्ये हेच व्हायचे. एका आठवड्यात मराठी सिनेमा, दुसऱ्यात कन्नड. शेजारच्या खुर्चीवरून कोणीतरी अर्थ सांगायचे आणि पुढच्या रांगेतले ‘गप्प बसा’ म्हणायचे. मूकपटांच्या काळातही पडद्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचून दाखवणारे असत. आता मोबाईलवर प्रत्येकाला आपल्या भाषेतला सिनेमा मिळतो, कोणाला काही विचारावे लागत नाही. सोय झाली खरी, पण विचारणे गेले.

वाचकहो, भाषा शिकवायची म्हणून मुलांना घेऊन बसलो की ती पळतात. त्यापेक्षा आठवड्यातून एक सिनेमा सर्वांनी मिळून पाहावा, आणि तो घरातल्या एका तरी माणसाला न समजणाऱ्या भाषेतला असावा. समजावून सांगण्याचे काम मुलांवर सोपवावे. चुकतील, अडतील, पण बोलतील. घरातल्या अज्जीला तेवढे पुरे असते.