ठळक, तिरका आणि ठाम

लाल पट्टीवर पांढरी, जाडजूड, उजवीकडे कललेली अक्षरं: अमेरिकी कलावंत बार्बरा क्रुगर यांचं काम दुरूनही ओळखू येतं ते यामुळे. त्यांचा आवडता टाइप म्हणजे 'फ्युचुरा बोल्ड ऑब्लिक'.

मूळ फ्युचुरा जर्मनीच्या पॉल रेनर यांचा. बाउअर फाउंड्रीनं तो १९२७ मध्ये बाजारात आणला. वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन यांवर बेतलेल्या या अक्षरांच्या टोकांना सेरिफ, म्हणजे छोट्या आडव्या पट्ट्या, नाहीत.

असं अक्षर तिरकं करणं वाटतं तितकं सोपं नाही. संगणकावर ते नुसतं कलतं केलं, तर गोलाईची जाडी एका बाजूला फुगते, दुसरीकडे रोडावते. म्हणून जाणता रचनाकार प्रत्येक वळण डोळ्यांनी जोखून दुरुस्त करतो.

जाडीमुळे शब्दाला वजन येतं, कलामुळे वेग. क्रुगर यांनी १९८९ मध्ये वॉशिंग्टनमधल्या स्त्रियांच्या मोर्चासाठी केलेलं पोस्टर याच जोरावर उभं राहिलं. १९९४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या 'सुप्रीम' या दुकानाचं बोधचिन्हही याच वळणाचं आहे.

मथळा, फलक, खेळाडूची जर्सी इथं हा टाइप शोभतो. बारीक आकारात मात्र अक्षरांमधल्या पोकळ्या बुजतात, त्यामुळे सलग मजकुरासाठी साधा, सरळ टाइपच निवडावा.