अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज आणि इतिहासाचे अध्ययन

प्रस्तावना :
इलिनॉय राज्यात जोलिएट येथे १९०१ मध्ये स्थापन झालेले महाविद्यालय हे अमेरिकेतील आजही चालू असलेले सर्वांत जुने सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज मानले जाते. १९४७ च्या ट्रुमन आयोगाच्या अहवालामुळे ‘कम्युनिटी कॉलेज’ ही संज्ञा रूढ झाली. सर्वांना खुला प्रवेश, तुलनेने अल्प शुल्क व दोन वर्षांची सहयोगी पदवी ही या संस्थांची वैशिष्ट्ये होत. त्यानंतर पुष्कळ विद्यार्थी चार वर्षांच्या विद्यापीठात प्रवेश घेऊन पदवी पूर्ण करतात. या महाविद्यालयांतील इतिहासाच्या अध्ययनाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अभ्यासक्रमाची विभागणी :
येथे इतिहास मुख्यतः सामान्य शिक्षणाचा भाग म्हणून शिकविला जातो. अमेरिकेच्या इतिहासाचा अभ्यासक्रम बहुधा दोन सत्रांचा असतो : १८७७ पर्यंतचा व त्यानंतरचा. १८७७ हे यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचना-कालखंडाच्या अखेरीचे वर्ष होय. ही विभागणी सोयीची असली तरी निर्दोष नाही. गुलामगिरी नष्ट करणारी १३ वी (१८६५), नागरिकत्व व कायद्याचे समान संरक्षण देणारी १४ वी (१८६८) आणि वंशाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास मनाई करणारी १५ वी (१८७०) या घटनादुरुस्त्या पहिल्या सत्राच्या शेवटी येतात. वांशिक विभक्ततेला मान्यता देणारा ‘प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन’ हा निकाल (१८९६) मात्र दुसऱ्या सत्रात येतो. केवळ दुसरे सत्र घेणाऱ्यास हक्क नाकारलेले दिसतात; ते एकदा मिळाले होते, हे दिसत नाही. म्हणून दुसऱ्या सत्राचा आरंभ १८६५ पासून करणे अधिक सयुक्तिक ठरते.

अध्यापनाची दिशा :
परिचर्या, लेखाकर्म वा तंत्रशिक्षणाकडे वळणाऱ्या अनेकांसाठी हा इतिहासाचा अखेरचा वर्ग असतो. अशा वर्गात सर्व घटना उरकण्यापेक्षा मोजकी साधने बारकाईने वाचणे श्रेयस्कर होय. उदाहरणार्थ, १८६५ मध्ये स्थापन झालेल्या ‘फ्रीडमेन्स ब्यूरो’च्या दफ्तरात मळेवाले व गुलामगिरीतून मुक्त झालेले मजूर यांच्यातील करारनामे आढळतात. कित्येकांवर मजुराच्या सहीऐवजी केवळ खूण असते. नोकरी करून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला वेतन, कामाचे तास व गैरहजेरीची कपात यांचा अर्थ अनुभवाने ठाऊक असतो. त्यामुळे ‘ही संमती कितपत मुक्त होती?’ हा प्रश्न तो स्वतःच विचारू शकतो. साधनाला प्रश्न विचारण्याची ही सवय म्हणजेच इतिहासाच्या अभ्यासाचा आरंभ होय.

समारोप :
भारतातही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या योजनेतून कम्युनिटी कॉलेजे सुरू झाली. त्यांचा भर व्यवसायकौशल्यांवर राहिला. ते आवश्यकच आहे. तथापि, व्यवसाय शिकणारा विद्यार्थी नागरिकही असतो. ज्याला इतिहासाचा एकच वर्ग मिळणार आहे, त्याला तो सर्वांत काळजीपूर्वक शिकविला गेला पाहिजे. अमेरिकेतील अनुभवातून अध्यापकांनी घ्यावयाचा बोध हाच आहे.