सायकलच्या मुठी वेळीच बदला



ऊस विकास विभागाने बेणे, खत, खोडवा यांवर लिहायचे सोडून सायकलवर का लिहावे, असे कुणी म्हणेल. कारण सांगतो. गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या शिरूर-दौंडच्या रस्त्यांवर दिवसरात्र उसाची वाहने धावतात. दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाड्या. शिरूर-न्हावरे-चौफुला रस्ता घ्या, नाहीतर भीमा आणि घोडच्या काठचे अरुंद डांबरी रस्ते घ्या. त्याच रस्त्यांनी आपल्या वाड्यावस्त्यांवरची पोरं सायकलवर शाळेला जातात. मागून ट्रेलर आला की पोरगं डांबर सोडून साइडपट्टीवर उतरतं. तिथं खड्डे, मुरूम आणि सांडलेल्या उसाच्या कांड्या. हँडलला हिसका बसतो. नेमक्या त्या वेळी हँडलची मूठ हातात फिरली किंवा निसटून आली, तर पोरगं शेताकडे पडतं का ट्रेलरकडे, हे नशिबावर राहतं.

ऊस नोंदीसाठी वस्त्यांवर फिरताना उभ्या सायकलींच्या मुठी पिळून पाहायची आम्ही सवय लावून घेतली आहे. चेन, ट्यूब आणि ब्रेक यांकडे घरच्यांचे लक्ष असते, मुठीकडे कुणाचेच नसते. कुठे मूठ फाटलेली, कुठे जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, कुठे बांधणीची तार आवळून तिची टोके तशीच उघडी ठेवलेली. विचारले तर उत्तर ठरलेले, "चालतंय की अजून!" कुदळीचा दांडा ढिला झाला तर आपण पाचर मारल्याशिवाय दुसरा घाव घालत नाही. मग पोराच्या हातातल्या मुठीला वेगळा न्याय का?

मूठ लवकर का खराब होते

जुन्या काळ्या सायकलीवर माणूस ताठ बसतो, भार बहुतेक सीटवर असतो. हल्लीच्या रेंजर सायकलीला, म्हणजे जाड टायरच्या आणि सरळ हँडलच्या सायकलीला, पुढे वाकून बसावे लागते. अंगाचा बराच भार तळहातांवर येतो. साहजिकच मूठ जास्त पिळली जाते आणि लवकर झिजते. त्यात उन्हात उभी केलेली सायकल. उन्हाने रबर कडक होऊन चिरते. इंजिन किंवा ट्रॅक्टरचे काम करून डिझेल-ऑइलच्या हातांनी सायकल धरली की तेच रबर फुगते आणि सैल पडते. पावसाचे व घामाचे पाणी मुठीखाली शिरून आतली लोखंडी नळी गंजते.

झिजलेल्या मुठीने हातही दुखतो. लांबवर सायकल मारल्यावर करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होत असेल, तर तळहाताच्या कडेची शीर दाबली जात आहे असे समजावे. मूठ बदलावी. सीटचे टोक खाली झुकलेले असेल तर तेही सरळ करून घ्यावे, कारण झुकलेल्या सीटमुळे सगळा भार पुढे हातांवर ढकलला जातो.

उघडे टोक सर्वांत वाईट

मुठीचे बाहेरचे टोक झिजून भोक पडले की आतली नळी उघडी होते. या नळीची कडा धारदार असते. पोरगं अगदी सावकाश पडलं तरी पडताना हँडल आडवं फिरतं आणि नळीचं टोक पोटात घुसतं. वरून नुसता रुपयाएवढा गोल वळ दिसतो, पण आत यकृत, प्लीहा किंवा आतड्याला इजा झालेली असू शकते आणि ती काही तासांनंतरही जाणवते. म्हणून हँडल पोटात लागले असेल तर "काही नाही, बरा होईल" म्हणून घरी ठेवू नये. पोटात दुखणे, उलटी, चेहरा पांढरा पडणे यांची वाट न बघता डॉक्टरांकडे न्यावे आणि "हँडल पोटाला लागलंय" हे स्पष्ट सांगावे. ज्या सायकलीचे टोक उघडे आहे, ती सायकल मूठ किंवा बूच बसवल्याशिवाय पोराच्या हाती देऊ नये.

विकत घेताना

बहुतेक रेंजर सायकलींच्या हँडलची नळी मुठीच्या जागी २२.२ मिलिमीटर, म्हणजे कारागिराच्या भाषेत सात सूत असते. मुठीचे भोक त्याहून किंचित लहान असते. रबर ताणून बसते, म्हणूनच ते पकड धरते. नळीवर सहज सरकणारी मूठ दुकानदाराने कितीही स्वस्त दिली तरी घेऊ नये.

घरात पडलेल्या मोटारसायकलच्या मुठी सायकलला बसवायचा प्रघात आपल्याकडे बराच आहे. त्यातली डावी बसते, पण उजवी बसत नाही. मोटारसायकलची उजवी मूठ ॲक्सिलेटरच्या जाड नळीवर बसणारी असते. ती सायकलवर ढिलीच राहणार. मग तिच्याखाली कागद, चिंधी कोंबतात. हे करू नये.

लांबी मोजून न्यावी. ब्रेकच्या पट्ट्यापासून नळीच्या टोकापर्यंत किती जागा आहे ते सुतळीने मापावे. मूठ फिरवून गिअर बदलायची सायकल असेल तर त्या बाजूची मूठ आखूड लागते. लहान पोरांना जाड मूठ घेऊ नये, ती त्यांच्या हातात मावत नाही आणि ब्रेक दाबायला बोटे पुरत नाहीत. स्क्रूने आवळायच्या मुठीही मिळतात. त्या महाग असतात, पण फिरत नाहीत आणि काढायला सोप्या. साध्या रबरी मुठींचे म्हणाल, तर युरियाच्या एका गोणीच्या पैशात घरातल्या दोन सायकलींचे काम होते.

बसवण्याची रीत

१. जुनी मूठ काढताना बोथट, पातळ स्क्रू ड्रायव्हर किंवा गुळगुळीत स्पोक कडेने आत सरकवावा. त्या फटीत साबणाचे पाणी सोडावे आणि मूठ पिळत पिळत ओढावी. टाकूनच द्यायची असेल तर ब्लेडने उभी चिरावी. ब्लेड आपल्या हातापासून दूर चालवावे.

२. नळीवरचा गंज पॉलिश पेपरने काढावा आणि कोरड्या फडक्याने पुसावे. टोकाची धार कानशीने मोडावी. नळीला तडा किंवा खोल गंज दिसला तर मूठ बदलून भागणार नाही, हँडलच बदलावे.

३. नवी मूठ सरकवण्यासाठी तेल, ग्रीस, खोबरेल काहीही लावू नये. तेलाने मूठ झटक्यात बसते हे खरे, पण तशीच झटक्यात निघतेही. साबणाचे पाणी काढताना चांगले, बसवताना नको. साबण आत राहतो आणि पहिल्या पावसात पुन्हा निसरडा होतो. मुठीच्या आत थोडे स्पिरिट फिरवावे. कोरोनाच्या साथीत, २०२०-२१ साली, घरोघरी आलेले पातळ सॅनिटायझर उरले असेल तर तेही चालते. जेल मात्र नको. स्पिरिट उडून जाते आणि रबर नळीला धरून बसते.

४. स्पिरिट ओले असतानाच मूठ एका दमात टोकापर्यंत रेटावी. मध्येच थांबल्यास ती तिथेच अडते. टोकाचे बूच नळीला भिडले पाहिजे.

५. रात्रभर सायकल उभी ठेवावी. सकाळी दोन्ही हातांनी जोर लावून मूठ पिळावी, मग हात ओले करून पुन्हा पिळावी. जरा जरी फिरली तरी काढून नळी व मूठ पुसून पुन्हा बसवावी. त्यानंतरही फिरली तर ती मूठ त्या नळीची नव्हे, दुकानात परत करावी. स्क्रूच्या मुठीचा स्क्रू बेताने आवळावा, आटे गेले तर मूठ वाया जाते.

वाटेत मूठ निसटलीच तर ट्यूबची पट्टी गुंडाळून घरापर्यंत यायला हरकत नाही. तो घरापर्यंतचाच इलाज आहे, हंगामभराचा नव्हे. तार मात्र गुंडाळू नये.

कधी करावे

खंडेनवमीला आपण नांगर, कोयता, ट्रॅक्टर धुऊन पुजतो, त्यांच्या ओळीत सायकलही उभी असते. तिला हळद-कुंकू लावायच्या आधी चारदोन मिनिटे काढून दोन्ही मुठी पिळून पाहाव्यात आणि टोकावरून बोट फिरवून बूच शाबूत आहे का ते बघावे. त्यानंतर थोड्याच दिवसांत बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, मोळी पडते आणि रस्ते भरून जातात. हे काम पोरांकडूनच करून घ्यावे. पोरगं असो वा पोरगी, एकदा स्वतःच्या हाताने मूठ बसवली की पुढच्या वेळी ढिली झालेली आधी त्यांनाच कळते.

उसाच्या वाहनांच्या चालकांनीही शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी गाडी सावकाश हाकावी व सायकलवाल्याला डांबर सोडायला लावू नये, ही विनंती.